रद्द छऱ्यांची डबी

चीनशी लढाई होऊन गेली, त्यानंतर बंगलोरमधल्या पुष्कळ लोकांना एकाएकी बंदूक चालवायला शिकावंसं वाटू लागलं. आमचे यजमान ज्या कारखान्यात होते, त्याच्या क्लबातही नेमबाजीचा वर्ग निघाला. खऱ्या बंदुका आम्हाला कोण देणार, म्हणून छऱ्याच्या बंदुका आणल्या. नळी बिजागरीवर खाली वाकवायची, तिच्या तोंडाशी शिशाचा एक छर्रा ठेवायचा, नळी परत सरळ करायची आणि चाप ओढायचा. आतली स्प्रिंग सुटते, हवा दाबली जाते आणि छर्रा सुटतो. रविवारी सकाळी बायकांचाही वर्ग असे. तोवर त्या क्लबात बायकांसाठी हळदीकुंकू आणि तंबोला एवढंच होतं, त्यामुळे आम्ही झाडून सगळ्या गेलो.

आम्ही तेव्हा राजाजीनगरात भाड्याच्या घरात राहत होतो. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. मी मिरजेची, लग्न होऊन इकडे आलेली. कन्नड मला भाजीवालीशी घासाघीस करण्यापुरतं येत होतं. शेजारी निपाणीकडचं एक जोडपं होतं, आमच्याहून वयाने थोडं मोठं. त्यांच्या घरात मराठी आणि कानडी एकाच वाक्यात नांदायची. त्यातले गृहस्थ यजमानांच्याच कारखान्यात स्टोअर्समध्ये होते. सगळी गल्ली त्या दोघांना अण्णा आणि अक्का म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणायचो.

यजमान तपासणी खात्यात इंजिनिअर होते. दुसऱ्यांनी केलेले यंत्राचे भाग मोजायचे आणि मापात न बसणारे बाजूला काढायचे, हे त्यांचं काम. दिवसभर लोकांच्या चुका काढून माणूस दमून घरी येईल असं कोणालाही वाटेल. आमच्याकडे उलट होतं. घरी आले की त्यांना खरी तरतरी यायची. भिंतीवरची तसबीर त्यांनी ओळंबा सोडून लावली होती. माझ्या पोळीबद्दल एकदा म्हणाले, "गोल आहे, पण कडेची जाडी सगळीकडे सारखी नाही."

सासूबाई म्हणाल्या, "मग जाड आहे ती बाजू मला दे आणि जेव."

अशा माणसाच्या हाती बंदूक आली तेव्हा ती नुसती चालवून ते थांबणार नव्हते. महिन्याभरात त्यांनी स्वतःची एक बंदूक विकत घेतली. परसात पेरूच्या झाडापलीकडे जाड फळी उभी केली, तिच्यामागे वाळूची पोती रचली आणि फळीवर काळ्या ठिपक्याचा पुठ्ठा लावला. स्वयंपाकघराच्या पायरीवर उभं राहून मारायचं. रोज संध्याकाळी कारखान्याच्या बसमधून उतरले की कपडे बदलून ते पायरीवर. पण छर्रे काही एका जागी बसेनात. एक ठिपक्यात, एक वर, एक पार पुठ्ठ्याच्या कडेला. त्यांनी बंदूक उघडून पाहिली, साफ केली, तेल दिलं. शेवटी निष्कर्ष काढला की बंदूक चांगली आहे, तेही चांगले आहेत, तेव्हा दोष छऱ्यांचा.

हे तसं खोटं नव्हतं. क्लबात सुरुवातीला परदेशी छर्रे होते, पत्र्याच्या गोल डबीत, सगळे एकासारखे एक. त्या दिवसांत बाहेरून काही येणं बंदच झालं होतं. त्या डब्या संपल्या आणि देशी छर्रे आले, कागदाच्या पुडीत. छर्रा म्हणजे मसुराएवढा शिशाचा तुकडा. पुढे भरीव डोकं, मधे बारीक कंबर, मागे पोकळ घेर. सासूबाईंनी पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा म्हणाल्या, "परकर नेसल्यासारखा दिसतोय." देशी छऱ्यांमध्ये कोणाचा परकर चेपलेला, कोणाचं डोकं वाकडं, कोणी लठ्ठ तर कोणी लुकडा.

मग एका शनिवारी आम्ही चिकपेटेत गेलो. मला साडीला फॉल घ्यायचा होता, त्यांना छर्रे. एका बोळात लोखंडी सामानाचं दुकान होतं. दुकानदार कन्नड, पण गिऱ्हाइकाप्रमाणे कोणतीही भाषा बोलायला तयार. यजमानांनी पुडी काउंटरवर ओतली, खिशातून भिंग काढलं आणि एकेक छर्रा बघायला लागले. दुकानदार काही वेळ पाहत राहिला. मागे कोणी बिजागऱ्या मागत होतं, कोणी कुलूप.

"काय बघता, स्वामी?" त्याने विचारलं.

"यांची मापं सारखी नाहीत."

"स्वल्प इकडे-तिकडे असणार की. छर्रा आहे, मोती नव्हे."

"स्वल्प म्हणजे किती, तेच बघतोय."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी फॉलच्या दुकानात जाऊन आले, तिथे दोन रंग पाहून एक ठरवला, परत आले, तरी भिंग चालूच होतं. शेवटी दुकानदाराने सगळ्या पुड्या एका पिशवीत भरल्या आणि म्हणाला, "सरी, बरं, घरी न्या. घरी बसून बघा. मला दुकान बंद करायचंय." दुपार होती तेव्हा.

त्या पिशवीपासून आमच्या घरी छर्रे निवडणं सुरू झालं. यजमानांनी रीत ठरवली. आधी छर्रे साबणाच्या पाण्यात धुवायचे. मग माझ्या पापडाच्या फडक्यावर वाळवायचे. मग तेलाचं बोट लावायचं. मग खिडकीची एक जुनी काच थोडी तिरपी ठेवून तिच्यावरून एकेक सोडायचा. जो हेलकावे खात जाईल तो वाईट. जे नीट गेले त्यांची शेवटची परीक्षा बंदुकीत. नळीच्या तोंडाशी छर्रा ठेवायचा. अंगठा नुसता लावला की जो अलगद आत सरकेल तो उत्तम. ज्याला जोराने ढकलावं लागेल तो रद्द. उत्तम छर्रे औषधाच्या पांढऱ्या डबीत जायचे, रद्द छर्रे तपकिरीच्या रिकाम्या डबीत. डब्यांवर त्यांनी सुवाच्य अक्षरात तशा चिठ्ठ्याही लावल्या.

या कामाला घरातल्या सगळ्यांना लावलं होतं. सासूबाई काचेवर बसायच्या. त्यांनी आयुष्यभर तांदूळ निवडले होते. त्या आपल्या मनाने भराभर बाजूला काढायच्या आणि यजमान म्हणायचे, "आई, तू कशाच्या आधारावर काढतेस ते सांग." त्या म्हणायच्या, "डोळ्यांच्या." काम झालं की त्या आम्हा सगळ्यांना मोरीवर हात धुवायला पाठवायच्या, कारण शिसं पोटात गेलेलं वाईट. त्याबाबतीत इंजिनिअरचंही काही चालायचं नाही.

दुपारी यजमान कामावर, सासूबाई आडव्या झालेल्या, तेव्हा मी परसात सराव करायची. मला बंदूक आवडली होती. खांद्याला दस्ता लावून, श्वास रोखून त्या ठिपक्याकडे पाहताना डोक्यातलं बाकी सगळं थांबायचं. दिवसभरात दुसऱ्या कशानेही तसं होत नसे. पण पांढऱ्या डबीला हात लावायची मला परवानगी नव्हती.

"तू अजून शिकते आहेस," यजमान म्हणाले होते. "तुझ्या हातून उत्तम छर्रा काय आणि रद्द काय, सारखंच. उगाच वाया जातील."

त्यामुळे मी तपकिरीची डबी घेऊन बसायची. रद्द छर्रे आत ढकलताना माझा अंगठा दुखायचा. मग मी मोडीत निघालेलं एक लहान लाटणं घेतलं. त्याच्या गोल टोकाने छर्रा दाबला की तो मुकाट्याने, सरळ आत जाऊन बसायचा. सासूबाईंनी ते पाहिलं आणि त्या लाटण्याला लाल दोरा बांधून ठेवला, म्हणजे ते चुकून पोळ्यांना वापरलं जाऊ नये.

थोड्याच दिवसांत माझे छर्रे एकाच्या शेजारी एक बसू लागले. ठिपक्यात बसत असं नाही. बहुतेक वेळा डावीकडे बसत, पण सगळेच्या सगळे डावीकडे, एका बोटाने झाकता येतील इतके जवळ. अक्का कुंपणावरून बघायची. एकदा म्हणाली, "अगं, तू एकाच भोकातनं सगळे घालालीस काय?"

संध्याकाळी मी पुठ्ठा यजमानांना दाखवला. त्यांनी तो उजेडात धरला.

"कुठून मारलंस?"

"पायरीवरून."

"पायरीवरून म्हणजे पायरीवर उभी राहून, की पायरीवरून खाली उतरून, पेरूपर्यंत जाऊन?"

"पायरीवर उभी राहून. अक्का होती. तिला विचारा."

त्यांनी खरोखरच अक्काला विचारलं. तिने साक्ष दिली. मग म्हणाले, "योगायोग असतो कधीकधी." दुसऱ्या दिवशी मी दुसरा पुठ्ठा दाखवला आणि म्हटलं, रद्द छर्रेच चांगले बसतात. तोही योगायोग ठरला. तिसऱ्या वेळी मी दाखवलाच नाही, देवघराशेजारी खिळ्याला अडकवून ठेवला. यजमान रोज अंघोळ करून देवाला नमस्कार करायचे, त्यांना तो दिसणारच होता. चौथ्या की पाचव्या सकाळी ओल्या अंगाने तसेच बाहेर आले आणि म्हणाले, "ठीक आहे, रविवारी चाचणी घेऊ."

चाचणीला अण्णा पंच होते. अण्णांना नेमबाजीत गोडी होती, पण छर्रे निवडण्यात नव्हती. ते पुडीतून येईल तो छर्रा मारायचे आणि मधूनमधून बरा मारायचे. यजमानांनी एका टेबलावर वाळूची उशी ठेवली, तिच्यावर बंदूक टेकवली, म्हणजे हात हलायला नको. आधी त्यांनी पांढऱ्या डबीतले छर्रे मारले. मग नवा पुठ्ठा लावून तपकिरीच्या डबीतले. ढकलायला मी लाटणं पुढे केलं. त्यांनी ते दोन बोटांत धरलं, जशी काही मी त्यांना दुसऱ्याची चप्पल दिली होती.

अण्णांनी दोन्ही पुठ्ठे काढून आणले आणि टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले. उत्तम छर्रे तळहाताएवढ्या जागेत पसरले होते. रद्द छर्रे रुपयाखाली झाकले गेले असते. सासूबाई चष्मा लावून जवळ आल्या.

"यातले चांगले कुठले?" त्यांनी विचारलं.

अण्णा खाली बघून मिशीतल्या मिशीत हसत होते.

"आज वारा आहे," यजमान म्हणाले.

"दोन्हींना तोच वारा हाय की साहेब," अण्णा म्हणाले.

"सुरुवातीला जास्त होता."

मला तेव्हा त्यांचं हसू आलं, पण थोडं वाईटही वाटलं. माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच वारा आठवत होता. इतक्या वर्षांत हाताने जे अलगद सरकतं ते नीट बनलेलं आणि जे अडतं ते बिघडलेलं, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. कारखान्यात ते खरंही असणार. संध्याकाळी ते पुन्हा काच तिरपी करून बसले आणि अलगद सरकणारे छर्रे पांढऱ्या डबीत टाकू लागले. अण्णा मात्र जाता जाता मला म्हणाले होते, "वहिनी, ते टाकाऊ आहेत ना, त्यातले मूठभर मला द्या." मी दिले.

क्लबाची स्पर्धा के. आर. पुरमच्या बाजूला एका मोकळ्या मैदानात होती. तेव्हा तो भाग गावाबाहेरच म्हणायचा. रेल्वेचे रूळ, नारळाची झाडं आणि आजूबाजूला नाचणीची शेतं. कारखान्याची बस आम्हाला सगळ्यांना घेऊन गेली. मी पिशवीत चित्रान्न, पाण्याची बाटली, तपकिरीची डबी आणि लाल दोऱ्याचं लाटणं घेतलं होतं.

बायकांची फेरी आधी झाली. मी लाटणं बाहेर काढलं तशी रांगेत हसू पसरलं. एकीने विचारलं, "पोळ्या इथेच लाटणार का?" मी म्हटलं, "वेळ उरला तर." मग मी मारायला सुरुवात केली. सरावामुळे आता डावीकडची खोड गेली होती. छर्रे ठिपक्यात आणि ठिपक्याच्या कडेला बसत गेले. माझा पहिला नंबर आला. टाळ्या झाल्या, एक स्टीलचा डबा मिळाला. यजमान लांब उभे राहून पाहत होते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या, पण त्यांचं लक्ष माझ्या पुठ्ठ्याकडे होतं.

पुरुषांच्या दोन फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत यजमान पांढरी डबी घेऊन उभे राहिले. उभं राहणं, श्वास, चाप, सगळं पुस्तकात असतं तसं. छर्रे मात्र इकडे एक, तिकडे एक. त्यांच्या शेजारच्या जागेवर अण्णा होते. त्यांचा एक खांदा वर, एक खाली, मधेच तोंड वळवून कोणाशी तरी बोलणं चालू. त्यांचे छर्रे एकमेकांना चिकटून बसले होते.

फेरी संपल्यावर यजमान माझ्याकडे आले. सावलीत सतरंजीवर मी आणि अक्का बसलो होतो. त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाले, "ते आणलेत का बरोबर?"

"कोणते?"

"ते. तपकिरीच्या डबीतले."

"रद्द?" मी म्हटलं. "हो, आहेत ना."

मी डबी दिली. ती घेऊन ते वळले, दोन पावलं गेले आणि परत आले. आवाज खाली आणून म्हणाले, "लाटणंही दे."

अक्काने पदर तोंडावर घेतला. मी मोठ्या गांभीर्याने लाटणं काढून त्यांच्या हातात दिलं आणि सांगितलं, "एकदम दाबू नका. सरळ धरून हळू. आत गेला की हाताला कळतं."

"बरं," ते म्हणाले. लग्नानंतर इतक्या साधेपणाने त्यांनी माझं काही ऐकल्याचं मला आठवत नाही.

तपासणी खात्यातले मोठे इंजिनिअर एका हातात बंदूक आणि दुसऱ्या हातात लाटणं घेऊन उभे राहिले, तेव्हा सगळं मैदान तिकडे बघू लागलं. त्यांच्या हाताखालचे लोकही होते. पंच म्हणून आलेले एक निवृत्त फौजी गृहस्थ पुढे आले आणि हे चालतं का, म्हणून त्यांनी दुसऱ्या पंचांना विचारलं. नियमांचं पत्रक काढलं गेलं. त्यात लाटण्याबद्दल काहीच नव्हतं. मग फौजी गृहस्थ म्हणाले, "चालू द्या."

यजमानांचे कान लाल झाले होते, पण ते हलले नाहीत. एकेक छर्रा लाटण्याने बसवून त्यांनी सगळे मारले. त्या फेरीत त्यांच्याइतके गुण कोणालाच मिळाले नाहीत. पहिल्या फेरीतली तूट मात्र भरून निघाली नाही. कप अण्णांना मिळाला. यजमान तिसरे आले. अण्णांनी कप घेताना सगळ्यांसमोर सांगितलं, "माझं काय नाही. हे साहेबांनी टाकून दिलेले छर्रे." लोक हसले, आणि मला बरं वाटलं की यजमानही हसले.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीतून बाहेर बघत बसले. शहर जवळ आलं तसे बोलायला लागले. छर्रा सैल असेल तर दाबलेली हवा त्याच्या बाजूने निसटते, कधी जास्त, कधी कमी, म्हणून प्रत्येक छर्रा वेगळ्या जोराने जातो. घट्ट असेल तर हवा अडते, त्याचा घेर नळीच्या आतल्या पिळदार आट्यांत रुततो, आणि सगळे सारख्या जोराने, सारखे फिरत जातात. छर्रा सरकायला नकोच, अडायलाच हवा. हे ते मला अशा रीतीने समजावत होते की जणू हे सगळं मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी मान डोलवत होते. पलीकडच्या बाकावर कप मांडीवर घेऊन बसलेले अण्णा म्हणाले, "वहिनींना हे माहीत असणार, साहेब."

यजमान थांबले. "हो," म्हणाले. "तिला आधीच माहीत होतं." मग पुढे म्हणाले, "कारण मात्र माहीत नव्हतं." तेही खरंच होतं, म्हणून मी वाद घातला नाही.

घरी पोचल्यावर सासूबाईंनी दार उघडलं. माझ्या हातातला डबा पाहून त्यांना कळलंच. यजमानांनी चपला काढल्या आणि तिथेच म्हणाले, "आई, ती म्हणत होती ते बरोबर होतं. मी चुकीचे निवडत होतो."

"हे मला काय सांगतोस?" सासूबाई म्हणाल्या. "ती तुझ्यामागेच उभी आहे."

ते वळले. बायकोला समोरासमोर असं काही सांगायची त्या काळी पुरुषांना सवय नव्हती, यांना तर नव्हतीच. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाले, "तुझं बरोबर होतं." मग पिशवी स्वतः स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. पुढे संसारात असे प्रसंग आणखी आले आणि त्यांतले काही उलट बाजूचेही होते, पण हा पहिला.

पुढच्या पावसाळ्यानंतर क्लबाने बायकांच्या वर्गावर शिकवायला मला नेमलं. यजमान पहिल्या रविवारी मला सोडायला म्हणून आले आणि शेवटच्या खुर्चीवर बसून राहिले. मी नेम कसा धरायचा ते सांगत होते आणि ते हात वर करून करून शंका विचारत होते. शंका चांगल्या होत्या. पण बायका त्यांच्याकडेच वळून बघायला लागल्या आणि माझं सांगणं मागे पडायला लागलं. शेवटी मी म्हटलं, "अहो, सगळ्यांसाठी कॉफी सांगून येता का?" ते उठले, आम्ही किती जणी आहोत ते नीट मोजलं आणि गेले. परत आले तेव्हा वर्ग संपत आला होता, पण कॉफी बरोबर तेवढीच होती.